धावडमाळचा हिरवा

सातारा, ४ जून १९४९

नानासो,

वर 'प्रिय' लिहिलं नाही, कारण ते तू खोडशील. 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष' लिहावं, तर आपण दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. तेही हसू येण्यासारखं. म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे.

सहा वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. मी परवा मिरजेस डोळे दाखवायला गेलो होतो. मोतीबिंदू पिकत आला आहे, थंडीत काढू म्हणाले. दवाखान्याच्या फाटकाबाहेर एक बाई लिंबं घेऊन बसली होती. मी दोन लिंबं उचलून नाकाला लावली तशी ती म्हणाली, "मास्तर, लिंबं काय हुंगताय, माणसं वळखा की."

हरणाबाई होती. आपल्या नकाशांवर हिरवा रंग भरणारी हरणाबाई. केस पांढरे झाले आहेत, पण बोलणं जत बाजूचंच राहिलं आहे, कोरडं आणि टणक.

तिच्याकडून कळलं की आता सातारा जिल्ह्याचे दोन जिल्हे होणार, दक्षिणेकडच्या नव्या जिल्ह्याचा पहिला नकाशा तू छापणार, आणि तो एकाच रंगात यंत्रावर काढणार. रंग भरायला बायका लागणार नाहीत. रंगाचं लांब टेबल मोडून तू फळ्या रचून ठेवल्या आहेस, हेही तिनं सांगितलं. त्या टेबलावर तिची जागा खिडकीशी होती. सहा वर्षांपूर्वी तू तिला त्या जागेवरून उठवलंस, आणि तेव्हापासून तिच्या हातात लिंबं आहेत. तिला परत कुंचला हवा आहे. तिला लाज नाही, तिनं मला सरळ सांगितलं, "आवं, तुमी लिवा त्यास्नी. तुमचं ऐकत न्हाईत ते. पन लिवलेलं वाचल्याबिगर ऱ्हात न्हाईत."

म्हणून लिहितो आहे. विनंती तिची आहे, माझी नाही.

दुकानाच्या पाटीवरचं 'आणि मंडळी', म्हणजे मी, पुसून टाकलंस ते बरं केलंस. तुझं नाव आता मधोमध बसलं आहे. हेही मला हरणाबाईनंच सांगितलं.

हंबीरराव


सातारा, १९ जून १९४९

नानासो,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी, तरी अक्षर पूर्वीसारखंच, शिळाछापाच्या दगडावर उलटं लिहिणाऱ्या माणसाचं. पहिली ओळ, 'संस्थानं बुडाली, आता रंग कशाला?' दुसरी, 'हरणाबाईस वाचता येत नाही.'

दुसरीचं उत्तर देत नाही.

पहिलीचं देतो. मास्तर होतो, प्रश्न आला की खडू हातात येतो. गड्या, तुला तो पाद्र्याचा बंगला आठवतो का? अमेरिकन पाद्रीसाहेब मायदेशी परत चालले होते, आणि सामान अंगणात मांडलं होतं. लोकांनी खुर्च्या घेतल्या, कपबशा घेतल्या. आपण दोघांनी मांजरपाटावर चिकटवलेली, दांड्यांना गुंडाळलेली एक गुंडाळी घेतली. आत ओहायोचा नकाशा होता, शंभराहून जास्त वर्षांचा. वरची तकाकी तपकिरी पडली होती आणि खाली गुलाबी, पिवळे, हिरवे चौकोन होते. मी त्या नद्यांची नावं मोठ्यानं वाचत होतो. एकही नाव नीट उच्चारता येत नव्हतं, तरी कविता म्हटल्यासारखं वाटत होतं. वर 'स्टेट' लिहिलं होतं. आपल्याला सांगली स्टेट, जत स्टेट ठाऊक. तू मडमेला विचारलंस, "ह्या संस्थानचा राजा कोन?" ती बिचारी पायरीवर बसून हसली.

मग तिनं सांगितलं, तिच्या आजीनं असे नकाशे रंगवले होते. फिलाडेल्फियाला एका प्रकाशकाच्या माडीवर लांब टेबल असे. एकेका मुलीपुढे एकेक रंग. कागद टेबलावरून सरकत जाई, आणि जिचा रंग जिथं, तिथं ती भरी. प्रकाशक घोड्यावरून गावोगाव हिंडून गिऱ्हाइकं आधीच गाठून ठेवी. नवी वसाहत झाली, नवा भाग वेगळा पाडला, की जुन्याच तांब्याच्या पत्र्यावर एक रेघ वाढवायची, साल बदलायचं, आणि पुन्हा विकायचं. प्रकाशकाचं नाव कोपऱ्यात, पण मोठ्या नदीपेक्षा ठळक. ते नाव पाहून तू म्हणाला होतास, "मास्तर, हे आपल्याला जमंल." तुझ्या डोळ्यांत तेव्हा जे होतं ते मी नंतर फक्त शाळेच्या अंकात पहिल्या पानावर कविता छापून आलेल्या पोरांच्या डोळ्यांत पाहिलं.

आणि आपल्याला जमलंही. 'सातारा जिल्हा व लगतची संस्थाने.' इंग्रजी मुलूख गुलाबी, सांगली हिरवी, औंध पिवळं, फलटण निळं, मिरजेच्या दोन्ही गाद्या जांभळ्या, जत तांबूस. पाटणपासून जतपर्यंत जिथं जिथं शाळा, तिथं तिथं भिंतीवर तो होता.

आता माझा मुद्दा. ओहायोत राजा नव्हता, नानासो. एकही संस्थान नव्हतं. तरी नकाशा रंगीत होता. त्या लोकांच्या काउंट्या म्हणजे आपले तालुके. त्यांनी तालुके रंगवले. तूही रंगव. वाळवा, तासगाव, खानापूर, मिरज, जत आणि शिराळा, सहा रंग सहज लागतील. राजे गेले म्हणून पोरांना रंग नकोत असं थोडंच आहे? एकाच पिवळ्या रंगात छापलेला जिल्हा भिंतीवर झुणक्यासारखा दिसेल.

मी तालुक्यांची कविता करायला घेतली आहे.

जत उन्हाचे, मिरज सुरांचे, वाळव्यास कृष्णेचे पाणी;
शिराळ्यास नागांची वस्ती, खानापुराची नाहीत गाणी.

तासगाव कुठंच बसलं नाही. तासगावकर रागावतील.

हंबीरराव


सातारा, ८ जुलै १९४९

नानासो,

ह्यावेळी कार्डावर एकच ओळ. 'तालुके रंगवले तरी ती बाई नको. तिच्या हातानं काय झालं ते तू विसरलास काय?'

विसरलो नाही. पण तू जे आठवतोस आणि मी जे आठवतो, ते जुळत नाही. म्हणून एकदा कागदावर मांडतो.

धावडमाळ गाव सातारा जिल्ह्यातलं, म्हणजे गुलाबी. पण तिन्ही बाजूंनी सांगली संस्थानची हिरवी गावं. एक्केचाळीस साली नमुन्याचा कागद टेबलावर आला तेव्हा गुलाबी रंगाच्या राहीबाईनं हिरव्यात जायला नको म्हणून तो ठिपका सोडून दिला. कागद पुढे सरकला. शेवटी हरणाबाईपुढे आला तेव्हा धावडमाळ पांढरं होतं, तिनं ते हिरवं केलं. नमुना तू पाहिलास, मीही पाहिला. नमुन्यावरून बाकीचे रंगले. त्या सालच्या प्रत्येक नकाशात धावडमाळ सांगली संस्थानात गेलं.

वर्षभरानं चळवळ उठली. माझा मानसिंग कॉलेज सोडून भूमिगत झाला. त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात तो आणि त्याचे साथीदार धावडमाळात आहेत अशी खबर साताऱ्याच्या एका फौजदाराला लागली. रात्रीचा मुक्काम त्यानं जवळच्या शाळेत केला. शाळेत आपला नकाशा होता. त्यानं गाव शोधलं, ते हिरवं. संस्थानच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरायचं नाही, एवढा कायदा तो पाळणारा होता. त्यानं परवानगीसाठी कागद पाठवला. परवानगी येईपर्यंत धावडमाळात कोंबड्या तेवढ्या उरल्या होत्या.

मग फौजदाराची फजिती झाली आणि चौकशी तुझ्याकडे वळली. छापखान्याला कुलूप लागलं. दगड चौकशीला गेले. सगळं खरं. त्यात तुझं वर्ष गेलं, तेही खरं. पण तू गणपतीसमोर उभं राहून मला म्हणालास, "पोराला लपवायला तू माज्या दगडाचा वापर केलास." नकाशा एक्केचाळीसचा आणि चळवळ बेचाळीसची, हे साल तुझ्याच हातानं दगडावर लिहिलेलं होतं. तुला वाचून दाखवायची मला गरज वाटली नाही.

असो. भांडायला लिहीत नाही. मी ओहायोचा नकाशा तुला पाठवतो आहे. वीस वर्षं माझ्या खोलीत होता. आता तसाही तो मला पुसट दिसतो. एक अट आहे, तो रंगाच्या टेबलासमोर लावायचा, आणि टेबलावर हरणाबाई असली पाहिजे. टेबल नसेल, बाई नसेल, तर नकाशा परत पाठव.

मानसिंग घेऊन येईल. तो आता लोकल बोर्डात कारकून आहे. लोणंदला बदली झाली आहे. तो भूमिगत झाला, त्यानंतर तू त्याला पाहिलेलं नाहीस.

हंबीरराव


सातारा, २६ जुलै १९४९

नानासो,

मानसिंग आला. तू काय म्हणालास हे त्याच्याकडून चिमट्यानं काढावं लागतं, तो आईवर गेला आहे. एवढं कळलं की तू त्याला आधी दारातच उभं केलंस आणि म्हणालास, "तुज्यापायी माजा छापखाना बंद पडला हुता."

तो म्हणाला, "व्हय काका. तुमच्या छापखान्यापायी मी हाय."

त्यानंतर तू त्याला आत घेतलंस आणि चहा दिलास. नकाशा उलगडून पाहिला नाहीस, तसाच कपाटामागे उभा केलास. पण जाताना त्याला विचारलंस, "बापाचं मोतीबिंदू कवा काढायचं?"

थंडीत, असं त्यानं सांगितलं असेल. थंडीतच.

जाता जाता आणखी एक. धावडमाळचे लोक पंधरा ऑगस्टला सभा घेणार आहेत. गाव वाचवणाऱ्यांचा सत्कार. छापील पत्रिकेत तुझं नाव आहे, 'ज्यांनी सरकारच्या नाकासमोर हिरवा रंग दिला ते राष्ट्रभक्त प्रकाशक.' माझंही आहे, खाली. ज्यासाठी तू मला घालवलंस, त्याच्यासाठी तुला हार मिळणार. मी रागावलेलो नाही. गंमत वाटते. सहावीच्या पोरांना निबंधाला विषय द्यावा असा आहे.

मी डोळ्यांचं कारण कळवलं आहे. जाणार नाही.

हंबीरराव


सातारा, १८ ऑगस्ट १९४९

नानासो,

गेलो होतो.

तू व्यासपीठावर होतास, मी मागं कडुलिंबाखाली बैलगाड्यांशी. तुला मी दिसलो नसेन. मलाही तू नीट दिसला नाहीस, पिवळ्या पागोट्याचा एक डाग आणि त्याखाली झेंडूचा दुसरा डाग. पण आवाज ओळखू आला. तुला बोलता येत नाही हे मला ठाऊक, आणि तरी तू बराच वेळ बोललास. जुलूम, संधी, दूरदृष्टी. शेवटी म्हणालास की आम्ही दोघा मित्रांनी जाणून-बुजून धावडमाळला हिरवा रंग दिला. 'दोघा मित्रांनी' म्हणालास. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारचा म्हातारा मला म्हणाला, "लय डोकं हाय ह्या माणसाला." मी मान हलवली.

पुढचं तुला व्यासपीठावरून ऐकू आलं असेल. पण सगळं आलं नसेल, म्हणून लिहितो. सभेचे अध्यक्ष केरबा, ज्यांच्या वाड्यात मानसिंग राहिला होता ते, उठून म्हणाले की रंग भरायला हात कुणाचा होता, त्या माणसालाही पाहायचं आहे. तू खाली पाहिलंस. तिचं नाव पत्रिकेत नव्हतं. बायकांत गडबड झाली, आणि हरणाबाई उभी राहिली. कोणी आणली तिला, विचारू नकोस. मानसिंगनं मिरजेहून येताना एका बाईला गाडीत बसवून आणलं, एवढंच मला माहीत आहे.

केरबा म्हणाले, "बाई, सरकारचं भ्या न्हाई वाटलं?"

"भ्या कशाचं?" ती म्हणाली. "वाटीत हिरवा उरला हुता. टाकवंना."

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग बायकांकडून हसू सुरू झालं आणि मागं गाड्यांपर्यंत आलं. केरबा स्वतः हसले. माझ्या शेजारचा म्हातारा म्हणाला, "बाईला लय डोकं हाय." तू मान आणखी खाली घातलीस. तुझे खांदे हलत होते. हसत होतास की काय, ते ह्या डोळ्यांनी मला सांगता आलं नाही. हाराची फुलं मात्र खाली पडत होती, ती दिसली.

सभा संपल्यावर मी निघालो. एस.टी. चुकू नये म्हणून.

तुझा राग मला कळतो, नानासो. मी पोरासाठी केलं असतं, तर तुला माफ करता आलं असतं किंवा नसतं, पण काहीतरी हातात राहिलं असतं. उरलेल्या रंगावर रागावणार कसं? त्यासाठी तुझं वर्ष बुडालं आणि त्यानंच मानसिंग वाचला. मी त्याचा अर्थ लावत बसत नाही. वर्गात ज्या कवितेचा अर्थ मला लागत नसे ती मी पोरांना पाठच करायला लावी.

हंबीरराव


सातारा, ६ नोव्हेंबर १९४९

नानासो,

तुझं पार्सल दिवाळीनंतर आलं. वर पत्ता तुझ्या हातचा, आत चिठ्ठी नाही. पण हरणाबाईनं मानसिंगजवळ निरोप दिला होता, तो आधीच पोचला. धावडमाळात व्यासपीठावरून उतरून तू तिच्याजवळ गेलास म्हणे. ती मोठं काही ऐकायच्या तयारीत होती. तू म्हणालास, "सोमवारी ये. वाटी घरनं आन." तिनं आणली. फळ्यांचं टेबल पुन्हा झालं, खिडकीशी तिची जागा झाली, आणि समोरच्या भिंतीवर ओहायो लागला. "कोन्चं गाव म्हनं ते, पन रंग लई निगुतीनं भरल्यात," असा तिचा त्यावर अभिप्राय आहे. म्हणजे मडमेच्या आजीबाईंना पावती मिळाली.

दक्षिण सातारा जिल्हा. पहिला नकाशा. उन्हात धरून, मग खोलीत धरून, मग भिंगानं पाहिला. दगडावरचं काम तुझंच आहे, नदीची रेघ कुठं जाड करायची ते तुझ्याशिवाय कुणाला कळत नाही. सहाही तालुके सहा रंगांत. वाळवा निळा केलास, कृष्णेसाठी असावा. माझी कविता तू वाचलीस असं मी समजतो. जत तांबूसच ठेवलंस. तासगाव हिरवं आहे, म्हणजे हरणाबाईचं, आणि तासगाव तालुक्यात धावडमाळ. ह्यावेळी हिरवा बरोबर आहे. भिंगानं मुद्दाम पाहिलं.

कोपऱ्यात प्रकाशकाचं नाव आहे. 'नानासो' आणि पुढे काहीतरी लहान अक्षरांत. मला वाचता आलं नाही, मानसिंगला वाचायला लावणार होतो, मग राहू दिलं. मोतीबिंदू काढल्यावर स्वतःच वाचीन.

आणखी एक दिसलं, ते सांगून थांबतो. ओहायोच्या बाहेर काय होतं, आठवतंय? काहीच नाही. शेजारच्या मुलखांची नुसती नावं आणि कोरा कागद. प्रकाशकाला ज्या भागाचे पैसे मिळणार नाहीत, तिथं तो रंग घालवत नाही, असं मडम म्हणाली होती. तूही तसंच केलंस, आणि तेच योग्य आहे. जिल्ह्याची सीमा संपली की तुझा कागद पांढरा. वर डोंगराच्या रेघांपलीकडे 'उत्तर सातारा' एवढी अक्षरं. मी राहतो ते सातारा शहर त्यात कुठंतरी असावं, पण ते दाखवायचं कारण नव्हतं.

तक्रार नाही. पोटातून हसू आलं एवढंच. आपण दोघांनी एवढे रंग केले, आणि म्हातारपणी माझं घर कोऱ्या कागदावर.

उत्तरेचा नकाशा तू करणार की नाही ते मला ठाऊक नाही. घाई नाही. पण हरणाबाईला एकदा विचार. संध्याकाळी वाट्या धुवायच्या आधी, कुठल्याही रंगाचा असो, वाटीत जरासा उरला आणि टाकवेनासा झाला, तर एका प्रतीवर वरच्या बाजूला एक ठिपका दे म्हणावं.

हंबीरराव